लोकलमध्ये वाचताना पुस्तकाचं कव्हर लपवता का?

डोंबिवली_स्लो
मंडळी, प्रश्न फालतू वाटेल पण विचारतेच. गाडीत वाचताना तुम्ही कव्हर लपवता का? बहिणीचं जरा कोर्टाचं चाललंय म्हणून मी घटस्फोटाच्या कायद्यावरचं एक मराठी पुस्तक आणलं, आणि वाचायला वेळ मिळतो तो गाडीतच, त्यामुळे डोंबिवली ते सीएसएमटी तेच घेऊन बसते. कव्हरवर हे एवढ्या लाल अक्षरात घटस्फोट आणि खाली मधोमध फाटलेला लग्नाचा फोटो. दुकानात उठून दिसावं म्हणून केलं असेल, मान्य, पण ते मांडीवर घेऊन लेडीज डब्यात सव्वा तास बसायचं कुणी? समोरची बाई आधी पुस्तक बघते, मग माझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे का ते बघते, मग तोंड बघते, याच क्रमाने. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू तर ठाण्याला जागा बदलून शेजारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "होईल गं सगळं नीट, सासूकडे लक्ष देऊ नकोस." माझी सासू बिचारी रोज माझा डबा भरून देते!! खुलासा करावा तर बहिणीचं सगळं बाहेर येणार, म्हणून गप्प बसले. पेपरचं कव्हर घालून बघितलं तर ते अजूनच, "काय गं, झाकून काय वाचतेस?"

चौथी_सीट
हाहा, काकू भारी आहेत. जेन्ट्स डब्यात कुणी धीर वगैरे देत नाही, डायरेक्ट उडवतात. मी एकदा शेअर बाजारातून श्रीमंत कसं व्हावं टाईपचं पुस्तक वाचत होतो तर वर कडी धरून उभा असलेला म्हणाला, "साहेब, झालात की फर्स्ट क्लासचा पास काढा." अख्खा बाक हसला. पण उलटे नग पण असतात. आमच्याकडे एक जण जाडजूड इंग्रजी पुस्तक बरोब्बर छातीशी धरून बसतो, कव्हर बाहेर, आणि बुकमार्क कुर्ल्यापासून दादरपर्यंत जागचा हलत नाही.

दाखल_क्रमांक
ताई, हे काही आजचं नाही. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' 1927 साली सुरू झालं, संततिनियमन आणि लैंगिक आरोग्यावरचं मासिक, आणि मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. आत काय तर शास्त्रीय माहिती आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं! त्या काळात हे कुणी चारचौघांत उघडून बसत असेल असं मला तरी वाटत नाही. कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले, 1934 च्या खटल्यात तर डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. मासिक काढणारा कोर्टात उघड उभा आणि वाचणारा मात्र उशीखाली ठेवणार, असा तो मामला.
आणि 'आवाज'चा दिवाळी अंक विसरलात का? पानाला कापलेल्या खिडकीतून बघितलं की चावट काहीतरी दिसायचं, पान उलटलं की साधाच प्रसंग. शेजारच्याला फक्त खिडकी दिसते हीच तर पंचाईत. आमच्या घरी तो अंक सगळे वाचायचे पण एकमेकांसमोर कुणी नाही.
एक सोय मात्र वाचनालयांनी केली होती. पुस्तक फाटायला आलं की बाइंडरकडे, मग जाड पुठ्ठा, पाठीला कापडी पट्टी आणि वर दाखल क्रमांक. रहस्यकथा काय नि ज्ञानेश्वरी काय, बाहेरून सगळं सारखंच, कुणाला पत्ता लागायचा नाही. अर्थात त्यात दीनानाथ दलालांची किती मुखपृष्ठं गेली असतील याचा विचार केला की जीव हळहळतो. दलालांची बाई रंगवलेलं कव्हर असेल तर मी आजही गाडीत बिनधास्त वर धरून वाचेन, बघूदे की लोकांना.

निशिकासाई
मी तोक्योत राहतो. इकडे पुस्तकाचं बिल करताना दुकानातला माणूस विचारतोच, कव्हर घालू का. हो म्हटलं की डोळ्यासमोर दुकानाच्या छापाचा कागद वरखाली दुमडून, पुस्तकाचे दोन्ही पुठ्ठे खाचेत सरकवून हातात देतो, टेप नाही की काही नाही, फुकट. 2020 पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडायला लागले पण हा कागद बहुतेक ठिकाणी अजून तसाच मिळतो. ट्रेनमध्ये वाचणाऱ्या बऱ्याच लोकांच्या हातात असलीच पुस्तकं असल्यामुळे झाकलंय म्हणून कुणी बघत नाही. तुमचा प्रॉब्लेम तोच आहे, डब्यात झाकणाऱ्या तुम्ही एकट्याच!

नावात_काय
डोंबिवली_स्लो ताई, त्या पुस्तकाचं नाव नि प्रकाशक मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का प्लीज.

डोंबिवली_स्लो
केलाय. पोटगीचं प्रकरण आधी वाचा, ते चांगलं सोपं करून लिहिलंय.

खाऊगल्ली
किंडल घ्या की सरळ. एवढं काय त्यात.

चौथी_सीट
किंडलवर सगळं मराठी कुठे मिळतं भाऊ, आणि कायद्याची पुस्तकं तर नाहीच. शिवाय प्रकाशकांना हे कळत नाही असं नाही. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक मोठी माणसं ट्रेनमध्ये वाचायला लाजतील म्हणून ब्लूम्सबरीने 1998 मध्ये वेगळी आवृत्ती काढली होती, कव्हरवर रेल्वे इंजिनाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, आतला मजकूर शब्दन्‌शब्द तोच. आपल्याकडे पण निदान आजारपण, घटस्फोट, कर्ज असल्या विषयांची पुस्तकं साध्या कव्हरात काढा की. ज्याला गरज आहे तो शोधत येतोच, त्याला फाटलेला फोटो कशाला दाखवायचा?

पोळीभाजी_केंद्र
पेपर नको, कॅलेंडर वापरा, कागद जाड असतो. फक्त वाण्याकडून मिळतं ते देवाच्या फोटोचं मोठं कॅलेंडर घ्या, मागून कोरं असतं. मी घाईत कालनिर्णयचं पान लावलं होतं, त्याच्या मागे पाककृती. समोरची बाई घाटकोपरपासून टक लावून वाचत होती, शेवटी म्हणाली, "ताई, जरा ती आतली घडी उघडा ना, रवा किती घ्यायचा ते दुमडलंय."