गंजलेला बिडाचा तवा आणि लोखंडी कढई पुन्हा वापरात आणण्याविषयी

प्रश्न

सावंतवाडीजवळच्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजीचा बिडाचा तवा आणि पत्र्याची लोखंडी कढई सापडली. चार पावसाळे कुणाचा हात न लागल्याने दोन्हींवर गंजाचे पापुद्रे आले आहेत. त्या तव्यावर आजी घावन आणि आंबोळ्या काढत असे, त्यामुळे तो मोडीत देण्याची माझी अजिबात इच्छा नाही. कढई मी तारेच्या घासणीने घासली, तिला भरपूर शेंगदाणा तेल चोपडले आणि गॅसवर तापवली. परंतु तळाशी चिकट, पिवळसर थर बसला आणि आठवडाभरातच काठाला पुन्हा गंज आला. माझे नेमके कुठे चुकले? एका ओळखीच्यांनी कल्हई करून घ्या असे सुचवले आहे, ते योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

कल्हई करू नये. ती म्हणजे कथलाचा मुलामा, आणि तो तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी असतो; कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि रिकामा तवा गॅसवर त्याहून सहज अधिक तापतो.

आपल्या हातून दोन चुका झालेल्या दिसतात. गंज मुळापासून निघाला नाही आणि तेल फार झाले. सुटे पापुद्रे आधी कोरड्यानेच घासणी आणि पॉलिश पेपरने काढावेत. मग बाजारातले पांढरे व्हिनेगर आणि तितकेच पाणी एकत्र करून भांडे त्यात बुडवावे व दर अर्ध्या तासाने बाहेर काढून घासून पाहावे. रात्रभर तसेच ठेवून देण्याचा मोह टाळावा, कारण गंज संपला की आम्ल खालच्या धातूलाच खाऊ लागते. चिंचेच्या कोळानेही गंज सुटतो, मात्र वेळ अधिक लागतो. करडा धातू दिसू लागला की भांडे खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून लगेच मंद आचेवर ठेवावे. उघडे लोखंड ओले राहिले तर डोळ्यांदेखत तांबूस होते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तर फारच लवकर.

भांडे कोमट असतानाच तेलाचे चार थेंब सगळीकडे चोळावेत, आतून-बाहेरून, काठाला आणि कानांनाही. त्यानंतर, जणू तेल लावणेच चुकले होते अशा रीतीने, कोरड्या सुती फडक्याने ते सगळे पुसून टाकावे. जो अंश उरतो तेवढाच पुरेसा असतो. मग धूर येऊन थांबेपर्यंत तापवावे, निवू द्यावे आणि हे पाच-सहा वेळा करावे. गोल बुडाच्या कढईचा काठ गॅसवर नीट तापत नाही, म्हणून ती सांडशीने धरून कलती फिरवावी लागते. आपला गंज काठालाच परतला त्याचे कारण बहुधा हेच असावे. मोठा ओव्हन असल्यास भांडे पालथे घालून २३० अंशांवर तासभर ठेवावे. बीड तापलेले असताना त्यावर गार पाणी कदापि ओतू नये, ते तडकते.

प्रतिसाद २

तेलाच्या निवडीविषयी थोडे लिहितो. लोखंडावर जो काळा, टणक थर बसतो ते केवळ जळलेले तेल नसते. उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांमुळे तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तो तयार होतो. हे जोडले जाणे तेलाच्या असंतृप्ततेवर, म्हणजे त्याच्या रेणूंतील दुहेरी बंधांवर, अवलंबून असते आणि ती आयोडीन अंकावरून कळते; अंक जितका मोठा तितका थर चांगला जुळतो: जवसाचा सुमारे १७० ते २००, करडईचा १४० ते १५०, शेंगदाण्याचा ८५ ते १०५ आणि खोबरेलाचा जेमतेम ६ ते ११. कोकणात घरोघरी असलेले खोबरेल या कामाला म्हणूनच उपयोगाचे नाही. जवसाचा थर कठीण होतो, पण माझ्या तव्यावरून त्याच्या खपल्या निघाल्या. तेव्हापासून मी करडईचे तेल वापरतो आणि तेच सुचवेन.

एक गोष्ट मात्र घरच्या वडीलधाऱ्यांना आवर्जून विचारून घ्यावी. किनाऱ्यालगतच्या घरांत जाळ्याला लावायचे शिसे वितळवण्यासाठी जुनी कढई वापरलेली असू शकते. तशी शंका जरी असली तरी ती कढई स्वयंपाकात आणू नये. शिसे घासून वा तापवून खात्रीने जात नाही.

प्रतिसाद ३

घावनाच्या तव्यावर भाकरी भाजू नका. भाकरीला तवा कोरडा आणि कडक तापलेला लागतो, त्यात हा थर जळून जातो; पूर्वी घरोघरी दोन तवे वेगळे असत ते यासाठीच. सौम्य द्रव साबणाने थराला काही होत नाही, परंतु भांडी घासण्याची पावडर आणि तारेची घासणी त्याला खरवडून काढते, हे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना एकदा नीट समजावून सांगावे. आमसूल, चिंच किंवा टोमॅटो घातलेला पदार्थ पहिले काही महिने या कढईत शिजवू नये.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. आईला विचारले; कढईत केवळ तळणच होत असे. करडईच्या तेलाचे सहा थर दिले. काल पहिली दोन घावने चिकटली. तिसऱ्याच्या वेळी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवला, आणि ते कडेने आपोआप सुटले. तव्याचा मध्य काळा झाला आहे, कडा अजून तपकिरी आहे.

प्रतिसाद १

कडा तपकिरी असली तरी हाताला चिकट लागत नसेल तर काळजी नको, वापराने ती काळी होईल. पावसाळ्यात दोन्ही भांडी एकात एक न ठेवता मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालावा आणि तो ओलसर लागला की बदलावा.