पाण्याखाली टाकीतली हवा संपली तर?

प्रश्न (बडोदा, दांडिया बाजार):
दिवाळीत अंदमानात हॅवलॉक बेटावर स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर (नवशिक्यांचा) कोर्स करतेय, आई सारखी विचारते, खाली हवाच संपली तर? काय सांगू तिला?

उत्तर १:
ताई, श्वास रोखायचा नाही, कधीच नाही. १० मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो, तिथे छाती भरून घेतली आणि तशीच वर आलीस तर हवा दुप्पट पसरते आणि फुप्फुस फाटू शकतं. बडीला (सोबतच्या जोडीदार डायव्हरला) गळ्यावरून आडवा हात फिरवून खूण कर, त्याचा ऑक्टोपस (श्वासाचा जादा तोंडतुकडा) तोंडात घे, एकमेकांना धरून सावकाश वर.

उत्तर २:
बडी लांब असेल आणि खोली ९ मीटरच्या आत असेल तर ‘आऽऽ’ करत हवा सोडत वर यायचं, पण रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं उपकरण) तोंडातच ठेव, वर येताना पाण्याचा दाब कमी झाला की एखादा श्वास मिळतोही. आणि टाकीत हवा किती उरली ते दाखवणारा गेज बघत राहा गं! ५० बार (टाकीतला दाब) उरलेत तेव्हा वर आलेलं असायला हवं.

प्रश्नकर्ती:
कोर्समध्ये करून घेतात ना हे?

उत्तर १:
हो, आधी उथळ पाण्यात. जमेपर्यंत परत परत करायला माग, लाजू नकोस.