मदत हवी आहे: बेल्टवरचा अल्टरनेटर सुरक्षित कसा बसवावा?

नमस्कार मंडळी. आमचं गोव्यात सत्तरी तालुक्यात कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. पावसात झाड पडून तारा तुटल्या की दोन-दोन दिवस वीज नसते, म्हणून जुन्या ८ एचपी डिझेल इंजिनावर ५ केव्हीए सिंगल फेज अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) बेल्टने जोडलाय. इंजिन १००० आरपीएम, त्याची पुली १२ इंची. अल्टरनेटर चार पोलचा (चुंबकी ध्रुवांचा), म्हणजे ५० हर्ट्झला १५०० आरपीएम हवेत, म्हणून त्याला ८ इंची पुली लावली.

सध्या सुट्या वायरीने जोडलेले दिवे, फ्रिज व्यवस्थित चालतात. पण दीड एचपीचा पंप लावला की बेल्ट किंचाळतो, जळक्या रबराचा वास येतो, दिवे मंद होतात. बेल्ट एकच आहे, बी सेक्शनचा (व्ही-बेल्टचं एक माप). दोन खाचांची पुली घ्यावी, की सुरुवातीचा करंटच अल्टरनेटरला झेपत नाही? ताण किती ठेवावा? फार ताणला तर बेअरिंग जाईल अशी धास्ती वाटते.

दुसरं, अर्थिंग. आमच्याकडे सगळा जांभा, उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत. मीठ-कोळसा घालून पुरेल का? न्यूट्रल अल्टरनेटरपाशीच अर्थला जोडायचा ना?

चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाईन किंवा अल्टरनेटर यांपैकी एकालाच जोडणारा) मात्र आधी बसवणार, त्याशिवाय घराच्या वायरिंगला जोडणार नाही. उलटी वीज ट्रान्सफॉर्मरमधून वर चढली तर खांबावरच्या लाईनमनच्या जिवावर बेतेल.

बेल्टवर जाळीही करून घ्यायची आहे. परवा आईच्या लुगड्याचा पदर पुलीपासून वीतभर अंतरावर होता, अजून काळजात धस्स होतं. जाळीचा किंवा इंजिन-अल्टरनेटरच्या पायाचा (फाउंडेशनचा) फोटो कुणाकडे असेल तर कृपया टाका.