गर्भाशयमुखाचा प्रत्येक कर्करोग एचपीव्हीमुळे होत नाही

वर एका ताईंनी विचारलंय, की गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे होतो, मग दीड वर्षाच्या मुलीला तो होईलच कसा? नेहमीचा प्रकार बहुतेक वेळा विषाणूमुळेच होतो. पण लहान मुलींत होणारा 'योक सॅक ट्यूमर' हा कर्करोग वेगळा. तो जननपेशींपासून, म्हणजे ज्यांतून पुढे स्त्रीबीजं तयार होतात त्या पेशींपासून उद्भवतो. गर्भ काही आठवड्यांचा असताना या पेशी अंडाशयाच्या जागेकडे सरकतात. काही वाटेतच भरकटत असाव्यात आणि त्यांच्यापासून ही गाठ होत असावी, असं मानलं जातं.

योनीमार्गात किंवा गर्भाशयमुखावर ही गाठ सापडते ती बहुतेक तीन वर्षांखालच्या मुलींमध्ये. लंगोटात रक्त दिसतं, बाळाला दुखत मात्र काहीच नाही. म्हणून "नख लागलं असेल" म्हणत दिवस जातात. कृपा करून थांबू नका, लगेच दाखवा.

रक्तातलं एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन, ही गाठ तयार करते ते एक प्रथिन) वाढलेलं असतं, उपचार लागू पडले की उतरतं. मात्र तान्ह्या बाळांत ते मुळातच जास्त असतं, त्यामुळे आकडा वयाप्रमाणे वाचावा लागतो. पूर्वी मोठ्या शस्त्रक्रियेत गर्भाशयही काढावं लागे. आता ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन या केमोमुळे बऱ्याच मुलींचं ते वाचतं. सिस्प्लॅटिनचा कानांवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा श्रवणचाचणीबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.