विधेयक संमत झालं, पण माझ्या आमदाराने 'होय' म्हटलं का?

(वाचकांमधली चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

१० जुलै २०२५ ला महाराष्ट्राच्या विधानसभेत कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने संमत झालं. उघड विरोधात उभे राहिले ते एकटे विनोद निकोले, डहाणूचे माकपचे आमदार. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही विधेयक पार पडलं. त्यानंतर मात्र रस्त्यावर आंदोलनं, पत्रकार परिषदा, 'आमचा या कायद्याला विरोध आहे' अशी निवेदनं.

कायदा चांगला की वाईट हा वाद इथे नको, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला एवढंच विचारायचं आहे की २८८ आमदारांपैकी कोणी होय म्हटलं, कोणी नाही म्हटलं, कोण गप्प बसलं आणि कोण त्या वेळी सभागृहातच नव्हतं, हे मतदाराने कुठे वाचायचं? कुठेच नाही, कारण ते नोंदलंच जात नाही. अध्यक्ष प्रस्ताव मताला टाकतात, सत्ताधारी बाकांवरून 'होय' येतं, समोरून थोडंफार 'नाही' येतं, 'होयचे बहुमत' अशी घोषणा होते आणि कामकाज पुढच्या विषयावर जातं. विधेयकातल्या कलमांचं तेच, दुरुस्त्यांचं तेच, शेवटच्या वाचनाचंही तेच.

लोकसभेत निदान वादाच्या विधेयकांवर बटणं दाबली जातात. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ विधेयकावर २८८ विरुद्ध २३२ असा आकडा आला आणि कोणता खासदार कुठल्या बाजूला हे लोकांना कळलं. आपल्या विधानसभेत असा आकडा दिसतो तो सरकार राहणार की जाणार या प्रश्नावर. कायदा करताना नाही.

माझं म्हणणं असं: प्रत्येक विधेयकाच्या शेवटच्या वाचनाला आणि खर्चाच्या मागण्यांना नावनिशीवार मतदान व्हावं, आणि यादी त्याच दिवशी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर यावी.

शाईपेन

मागणी ऐकायला छान आहे, पण त्यातून हाती काही लागणार नाही. १९८५ साली संविधानात दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आली तेव्हाच आमदाराचं मत त्याचं राहिलं नाही. पक्षाने व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, काढला आणि त्याविरुद्ध मत दिलं, किंवा गैरहजर राहिलात, तर पक्ष पंधरा दिवसांत माफ करेल तरच आमदारकी वाचते. नाहीतर अपात्रतेचा अर्ज. मग तुमच्या यादीत काय छापून येईल? पक्षाचं नाव वाचलं की मत कळतं. त्यासाठी २८८ नावं कशाला?

खरा रोग व्हिपचा आहे. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सांगितलं होतं की अपात्रता फक्त विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरती ठेवा. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सुचवलं की हा बडगा सरकारच्या अस्तित्वाच्या आणि पक्षाच्या मूळ धोरणाच्या प्रश्नांपुरताच वापरावा. कोणत्याही पक्षाने ते मनावर घेतलं नाही. आमदाराला आधी मोकळं करा, मग त्याचं मत मोजा. बांधलेल्या माणसाचं मत मोजून तुम्ही व्हिपलाच प्रतिष्ठा देताय.

गॅलरी

बरीच वर्षं पत्रकार कक्षातून अधिवेशनं पाहिली, म्हणून लिहितो. उंबरठा यांच्या मांडणीत एक गोष्ट सुटली आहे. आवाजी मतदान हा शेवटचा शब्द नसतो. अध्यक्षांच्या घोषणेला सदस्याने तिथल्या तिथे हरकत घेऊन पोल मागितला तर मतविभागणी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मतांची मोजणी, होऊ शकते. हत्यार आहे, ते विरोधक उचलत नाहीत.

का उचलत नाहीत तेही सांगतो. पोल मागायचा तर आपले सदस्य सभागृहात हवेत. संध्याकाळी सात-आठला विधेयकं सुरू होतात तेव्हा बाकांवर कोण असतं? संविधानाच्या कलम १८९ प्रमाणे गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे विधानसभेत २९. तेवढेच हजर असतील तर १५ 'होय' पुरतात आणि तेरा कोटींच्या राज्याला लागू होणारा कायदा तयार. गणपूर्तीचा मुद्दाही क्वचितच काढला जातो, कारण तो काढणाऱ्याच्या पक्षाचेही चारच जण बसलेले असतात. मतविभागणी झाली तर सरकारच्या आधी विरोधकांची उपस्थिती उघडी पडते. म्हणून सभात्याग सोयीचा. बातमी मिळते आणि मोजदाद टळते.

जनसुरक्षा विधेयकाचं तर आणखी वेगळं. ते आधी संयुक्त समितीकडे गेलं होतं, समितीत विरोधी पक्षांचे ज्येष्ठ नेते होते, बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. सभागृहात ठाम विरोध का झाला नाही, हा प्रश्न नंतर काँग्रेसमध्येच विचारला गेला. त्याचं खापर नियमावर फोडू नका.

उंबरठा

गॅलरी, तुम्ही जे सांगितलंत त्यानेच माझी बाजू भक्कम होते. पोल मागणं विरोधी नेत्याच्या मर्जीवर, आणि ती मर्जी त्याच्या सोयीवर. म्हणजे माझ्या आमदाराचं मत मला कळणार की नाही हे मी नाही, तर दोन बाजूंचे प्रतोद, म्हणजे व्हिप काढणारे, ठरवणार. म्हणूनच मतविभागणी मागण्यावर अवलंबून नको, नियमानेच व्हायला हवी.

आणि मागितली तरी मिळतेच असंही नाही. १२ नोव्हेंबर २०१४ आठवा. १२२ जागा मिळवलेल्या भाजपचं सरकार, बहुमताला १४५ लागतात, आणि विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर! शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणीचा आग्रह धरला, मग ती मागणी वेळेत आली की उशिरा यावरच भांडण झालं. बाहेरून पाठिंबा जाहीर केलेल्या राष्ट्रवादीचे ४१ आमदार त्या दिवशी नेमके कुठे होते, याची नावानिशी नोंद आजही नाही. सरकार टिकवणारा कौल असा घेता येत असेल, तर एखाद्या साध्या दुरुस्ती विधेयकाला कोण विचारतं?

शाईपेन, व्हिपबद्दल. शिवसेना फुटून शिंदे सरकार आलं तेव्हाचे, ३ आणि ४ जुलै २०२२ हे लागोपाठचे दोन दिवस घ्या. शिरगणती झाली. एकेक सदस्य जागेवर उभा राहून नाव आणि क्रमांक सांगत होता. अध्यक्षांच्या निवडणुकीत १६४ विरुद्ध १०७, दुसऱ्या दिवशी विश्वासमतात १६४ विरुद्ध ९९. व्हिप दोन्ही दिवशी होताच, उलट खरा प्रतोद कोण यावरच लढाई सुरू होती आणि ती मे २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चालली. तरी विरोधातली आठ मतं एका रात्रीत कमी झाली. कोणी बाजू बदलली, कोण उशिरा आलं, कोणाला दरवाजे बंद झालेले दिसले, हे त्याच संध्याकाळी राज्यभर माहीत होतं आणि त्या आमदारांना जागोजागी उत्तरं द्यावी लागली. मोजणीशिवाय ही आठ मतं कुणाच्या लक्षातसुद्धा आली नसती.

पायवाट

उंबरठा यांना पूर्ण पाठिंबा. आमच्या संघटनेशी थेट संबंध असलेलं एक विधेयक आलं होतं. मंजूर झाल्यावर आम्ही काही जणी आमदारांच्या कार्यालयात गेलो आणि विचारलं, साहेबांनी कुठल्या बाजूने मत दिलं? त्यांचे स्वीय सहायक म्हणाले, "साहेब तुमच्याच बाजूने आहेत, पण ते बहुमताने झालं." कार्यवृत्त काढून पाहिलं. चर्चेत साहेबांचं भाषण नाही, मतदानापाशी फक्त 'प्रस्ताव मताला टाकण्यात आला व संमत झाला' अशी ओळ. आता त्यांना खोटं तरी कसं ठरवायचं आणि खरं तरी कसं मानायचं? पुढच्या निवडणुकीत तेच पुन्हा मत मागायला आले, आणि आमच्या हातात विचारायला एक कागद नव्हता.

शाईपेन म्हणतात पक्ष कळला की मत कळतं. मग ते आमदारांनी तोंडाने कबूल करावं की. आज ते मतदारसंघात एक सांगतात आणि मुंबईत दुसरं करतात.

तिसरी घंटा

मी या मागणीच्या विरोधात आहे, आणि कारण व्हिप नाही. भीती आहे.

आपल्याकडे काही विषय असे आहेत की उघड 'नाही' म्हणणाऱ्याला घरी परतणं अवघड होतं. २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात मराठा आरक्षणाचं १० टक्क्यांचं विधेयक दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केलं. २०१८ चा १६ टक्क्यांचा कायदाही एकमतानेच झाला होता, तो ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आरक्षण हवं की नको हे बाजूला ठेवा. २८८ माणसांपैकी एकालाही मसुद्याबद्दल, पन्नास टक्क्यांच्या मर्यादेबद्दल शंका नव्हती असं तुम्हाला खरंच वाटतं? नावनिशीवार मतदान आणलंत तर अशा विषयांवर आणखी घट्ट एकमत दिसेल. दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर यादी फिरेल, 'हे बघा आपल्या जातीचे शत्रू'. आज चर्चेत आडून का होईना पण जे शंका काढतात, तेही बोलणं बंद करतील.

त्यापेक्षा विधेयक मतदानाआधी चाळणीतून जाऊ द्या. केरळमध्ये विषयवार समित्या आहेत, विधेयकं आणि खर्चाच्या मागण्या त्यांच्याकडे जातात, तिथे पक्षाची भिंत थोडी खाली येते. आपल्याकडे संयुक्त समिती हा अपवाद. जादूटोणाविरोधी कायदा आठवा. २००५ मध्ये विधानसभेने एक मसुदा संमत केला, तो परिषदेत अडला, मसुदे बदलत राहिले. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, मग वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कायदा झाला. त्यातलं प्रत्येक कलम घासूनपुसून आलं ते चर्चेतून आणि समितीतून.

उंबरठा

तिसरी घंटा, भीतीचा मुद्दा खरा आहे आणि मला तो हलका वाटत नाही. पण तुमचंच उदाहरण घ्या. आठ वर्षं तो कायदा अडवला कोणी? नाव सांगता येईल? 'मतभेद होते', 'सहमती झाली नाही', एवढंच सांगितलं जायचं. उघड विरोधात मत द्यायची वेळच कोणावर आली नाही, म्हणून अडवण्याची किंमत कोणालाच मोजावी लागली नाही. एका माणसाचा जीव गेल्यावर सहमती झाली. गुप्ततेने ज्यांना संरक्षण मिळालं ते शंका घेणारे विवेकी आमदार नव्हते, टाळणारे होते.

आणि आमदाराला धाक वाटतो म्हणून त्याचं मत झाकायचं असेल, तर मतदान गुप्तच करा असं सरळ म्हणा. आज ते ना गुप्त आहे ना उघड.

कोरडवाहू

सगळे विधेयकांवर बोलताय, पैशावर कोणीच नाही. जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाच्या वरच्या खर्चाच्या मागण्या, आल्या. लाडकी बहीण योजनेची तरतूद त्यातच होती. अर्थसंकल्प मांडून महिनाही झाला नव्हता. अशा मागण्यांवर चर्चा काही विभागांपुरती होते, बाकीच्या शेवटच्या दिवशी एकत्र मताला टाकतात, मागोमाग तो पैसा खर्चायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक. मागणीची रक्कम कमी करा अशी कपात सूचना देणारा आमदार स्वतःची सूचना मताला टाकायचा आग्रहसुद्धा धरत नाही.

माझ्या भागातली सिंचनाची तरतूद कमी होऊन दुसरीकडे गेली, तर आमचा आमदार त्याला 'होय' म्हणाला होता का हे मला कळायला हवं. विधेयकाचं नंतर बघा, सुरुवात मागण्यांपासून करा.

शाईपेन

कोरडवाहू, मागण्यांवर तर सरकार पक्षाचा आमदार कधीच 'नाही' म्हणणार नाही, कारण मागणी पडली की सरकारवरच गदा येते. तिथे यादी सगळ्यात निरुपयोगी.

मी एक जुना दाखला देतो. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणला आणि तो संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचं पाणी घ्यायला १९२७ चा मार्च आणि बाबासाहेबांचा सत्याग्रह लागला. ठराव संमत झालाय हे माहीत असून काय उपयोग झाला? सभागृहात झालेल्या गोष्टीचा पाठपुरावा करणारी माणसं बाहेर हवीत. तुमची यादी ती कुठून आणणार?

पायवाट

शाईपेन, बाहेरची माणसं होती म्हणून तर त्या ठरावाला अर्थ आला. महाडला जमलेल्या लोकांच्या हातात सभागृहाचा संमत ठराव होता, आपण हक्काचं मागतोय हे दाखवायला. आम्हाला तेवढंच हवंय, हातात धरायला काहीतरी. पाठपुरावा आम्ही करतोच आहोत.

गॅलरी

एक व्यावहारिक गोष्ट. दरवेळी नाव पुकारून शिरगणती केली तर एका मतदानाला सहज पाऊण-एक तास जातो. अधिवेशनं आधीच आखूड, त्यात आणखी कात्री लावली तर तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी मरतील, आणि एका आमदाराला मंत्र्याला धारेवर धरायची खरी संधी तिथेच असते. त्यामुळे बाकावर बटण बसवल्याशिवाय हे करू नये. बटणं बसवली तर माझा विरोध राहणार नाही. तरीही हजेरीचा प्रश्न सुटत नाही. रिकाम्या बाकावरचं बटण कोण दाबणार?

उंबरठा

बटणांना माझी हरकत नाही, उलट तीच रीत हवी. रिकामा बाकही यादीत 'गैरहजर' म्हणून छापून येईल, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त वाचला जाईल तो तोच रकाना.

नियम बदलणं अवघड आहे असंही कोणी सांगू नये. डिसेंबर २०२१ मध्ये अध्यक्षांची निवडणूक गुप्त मतदानाऐवजी खुल्या पद्धतीने घ्यायचा बदल एका अधिवेशनात झाला. कलम २०८ प्रमाणे सभागृह आपले नियम आपण करतं. शाईपेन म्हणतात तसा व्हिप सैल व्हावा असं मलाही वाटतं, पण त्यासाठी दहावी अनुसूची बदलावी लागेल, ते दिल्लीचं काम. तोवर इथे हातात असलेलं का थांबवायचं?

शाईपेन

कारण अर्धं काम झालं की उरलेलं अर्धं कोणी करत नाही. यादी छापून येऊ लागली की प्रत्येक पक्ष म्हणेल, 'पारदर्शकता आली', आणि व्हिपचा विषय कायमचा गुंडाळला जाईल. नियम समितीपुढे जायचं असेल तर एकाच निवेदनात दोन्ही मागण्या लिहा: नावनिशीवार मतदान, आणि विश्वासमत व अर्थविधेयकं सोडून इतर विधेयकांवर व्हिप न काढण्याची पक्षांची लेखी हमी. हमी देण्यासाठी तर संसद लागत नाही ना? ती मागणी त्यात असेल तर माझी सही घ्या.

तिसरी घंटा

आणि विधेयक मांडल्यापासून मतदानापर्यंत किमान एक आठवडा. हे नसेल तर माझी सही नको.