मदत हवी आहे: काकांची सुपर-टाकुमार ५०/१.४ ही जुनी लेन्स पिवळी पडली आहे, वाचवता येईल का?

नमस्कार मंडळी,

माझ्या काकांचा सावंतवाडीत फोटो स्टुडिओ होता. काका आता नाहीत. परवा काकीने माळ्यावरची ट्रंक उघडली, त्यात त्यांचा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक निघाला, लेन्ससकट. कॅमेऱ्याचं शटर अडकलंय, पण लेन्स बघून माझे हात थरथरले. अख्खी धातूची, फोकसची रिंग इतकी मऊ की मध्ये कुठेच अडत नाही. ॲपर्चरच्या पाकळ्या कोरड्या आहेत, तेल उतरलेलं नाही.

पण पांढऱ्या कागदावर धरली की कोऱ्या चहाचा रंग दिसतो. टॉर्च मारला तर मागच्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. कोल्हापुरातल्या एका दुकानात दाखवली, तर "शोपीस म्हणून ठेवा" म्हणाले आणि लगेच आठशे रुपयांना मागितली. दिली नाही.

माझ्याकडे निकॉन डी५३०० आहे. एम४२चा (या लेन्सच्या आट्यांच्या जोडणीचा) साधा ॲडॉप्टर मागवून लेन्स लावली, तर दीड-दोन मीटरपलीकडचं काहीच फोकस होत नाही. तेवढ्या अंतरात मात्र पडवीत कोकमं फोडत बसलेल्या काकीचा एक फोटो काढला, एफ/१.४वर, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून. डाव्या डोळ्याच्या पापण्या मोजता येतील इतक्या स्पष्ट, आणि कानापासून पुढे सगळं विरघळत गेलेलं. अंगणातलं ऊन केसांच्या कडेला हलकेच पसरलंय. कॅमेऱ्यासोबत आलेल्या माझ्या १८-५५ किट लेन्सने असं कधी दिलं नव्हतं. काकी फोटो बघून बराच वेळ काही बोलली नाही.

मला ही विकायची नाही, वापरायची आहे. पिवळेपणा जाईल का? आणि कॅमेऱ्याची बॉडी बदलावी लागेल का?

प्रतिसाद १

आठशेला दिली नाहीत ते फार बरं केलंत. हा पिवळेपणा म्हणजे घाण नव्हे. या लेन्सच्या पहिल्या, आठ काचांच्या आवृत्तीत थोरियम (एक किरणोत्सर्गी धातू) नव्हतं. नंतरच्या सात काचांच्या आवृत्तीत मागच्या भागात थोरियमयुक्त काच आहे. त्या किरणोत्सर्गानेच काच वर्षानुवर्षं पिवळी होत जाते. अतिनील किरणांनी ती पुन्हा निवळते. पाऊस लागायच्या आत रोज ऊन दाखवा, मागची बाजू उन्हाकडे, खाली ॲल्युमिनियम फॉइल. आसपास कागद-कापड नको, काचेतून ऊन एका ठिकाणी गोळा होऊन पेट घेईल. वापरायला भीती नाही, फक्त काच घासू-खरवडू नका. उन्हाने बुरशी कदाचित मरेल, पण डाग आपोआप निघणार नाहीत. तोवर बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा, हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे हवंच.

प्रतिसाद २

फोकसचं कारण अंतर. माउंटपासून (लेन्स जिथे बसते तिथपासून) सेन्सरपर्यंत एम४२ला ४५.४६ मिमी लागतात, निकॉनमध्ये ४६.५ आहेत. वर ॲडॉप्टरची जाडी. लेन्स पुढे सरकली की लांबचा फोकस हातचा जातो. काच असलेला ॲडॉप्टर मिळतो, पण चांगल्या लेन्सच्या मागे स्वस्त काच कशाला? जुनी वापरलेली सोनी ए६००० (आत आरसा नसलेला कॅमेरा) बघा. तिथे हे अंतर १८ मिमी, म्हणून ॲडॉप्टर म्हणजे नुसती पोकळ नळी. कॅमेऱ्यात 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करा, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावा, आणि लेन्सवरची ए/एम (ऑटो/मॅन्युअल) कळ एमवर ठेवा, नाहीतर पाकळ्या बंदच होणार नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज उन्हाचा आठवा दिवस. कोऱ्या चहाचं आता लिंबू सरबत झालंय! काकी स्वतःच दर तासाला फॉइल फिरवते. बॉडीसाठी पैसे साठवते आहे. आता फक्त बुरशी उरली. सिंधुदुर्ग, गोवा किंवा बेळगावात जुन्या लेन्स उघडून साफ करणारं खात्रीचं कुणी माहीत आहे का? कुरिअरने पाठवायला जीव धजत नाही, मी स्वतः घेऊन जाईन.