मदत हवी आहे: जुन्या खुर्च्यांच्या बैठकांना इरकल साडी चालेल का?

रत्नागिरीकडच्या घराची वाटावाटी झाली. तांब्या-पितळेवर सगळ्यांचा डोळा होता. फणसाच्या लाकडाच्या चार खुर्च्या आणि एक आरामखुर्ची मात्र कुणालाच नको होती, ती डोंबिवलीला माझ्याकडे आली. टेम्पोवाला जिन्यात थांबून विचारत होता, "ताई, हे खरंच वर न्यायचंय?"

लाकूड ठणठणीत आहे. वाळवी नाही, सांधे हलत नाहीत. बैठका तेवढ्या गेल्यात. प्रत्येक बैठक म्हणजे सुटी चौकट आहे, खालून ढकलली की वर निघते. एक उघडून पाहिली तर वर रेक्झिन, त्याखाली कुठल्या तरी जमान्यातलं फुलाफुलांचं कापड, मग काथ्या, तरट आणि तळाला ज्यूटचे पट्टे. पट्टे लोंबतायत, काथ्याचा भुगा झालाय.

सोफा दुरुस्त करणारे काका म्हणतात, रेक्झिनच लावा, पुसलं की झालं. मे महिन्यात डोंबिवलीत रेक्झिनवर बसणारी माणसं वेगळी असावीत. मला कापडच हवंय. सासूबाईंची एक हिरवी इरकल आहे, घडीवर विरलेली, नेसण्यासारखी राहिली नाही. तिच्या बैठका कराव्यात असं मनात आहे. मशीन घरी आहे, ब्लाउज सोडून सगळं शिवते.

तर इरकल टिकेल का? काथ्याच पुन्हा भरावा की फोम घालावा? आणि आरामखुर्चीला कुठलं कापड? तिचं जुनं कापड फाटलंय, पण जपून ठेवलंय. विकतचे कव्हर घाला असं कृपया सुचवू नका.

सुईदोरा:
बसायच्या जागी इरकल नको. सूत विरलंय म्हणताय, म्हणजे ताणून ठोकलं की कडेच्या पिनांपाशीच फाटणार. शिवाय इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) असतो आणि अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो, त्याला टोपी-तेणी म्हणतात. तो जोड बैठकीच्या मधोमध आला तर माणूस बसला-उठला की ताण तिथेच येणार. पदर पाठीच्या उशांना वापरा. मागून मांजरपाट लावून शिवलात तर उशा बरीच वर्षं जातील.

बैठकीला जाड सुती ड्रिल किंवा सोफ्याचं कापड घ्या. सोफ्याचं कापड साधारण ५४ इंच पन्ह्याचं येतं, त्यात दोन बैठका शेजारी शेजारी आरामात बसतात. सुती घेतलंत तर कापण्याआधी धुऊन घ्या, आटायचं ते आधीच आटू दे. इरकलीचे काठ हवेच असतील तर नव्या कापडाच्या पुढच्या कडेला पट्टी शिवा, डोळ्यांना तीच दिसते.

रंधा_करवत:
कापडाआधी चौकटीकडे बघा. जुन्या थरांवर नवा थर चढवू नका, सगळं सोलून काढा. चौकट आणि खुर्ची यांच्यात प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर फट लागते. जाड कापड लावून बैठक दाबून बसवली की आतून खुर्चीचे सांधे उलतात. आत्ता हलत नाहीत म्हणताय, मग हलतील.

बैठका काढताना चौकटीवर आणि खुर्चीवर एकच आकडा लिहा. हातच्या कामात दोन खुर्च्या सारख्या नसतात.

जुन्या चुकांची (बारीक खिळ्यांची) भोकं फेव्हिकॉल आणि लाकडाच्या भुशाने बुजवा, नाहीतर नवी पिन त्याच भोकात जाऊन सुटते. पट्टे उभे-आडवे विणून, चांगले ताणून लावा. ते ढिले राहिले तर वर काहीही घाला, बैठक खोलगटच होणार. त्यावर तरट, मग ४० डेन्सिटीचा दोन इंची फोम, मग मांजरपाट, शेवटी कापड. काथ्या छान असतो, पण तो सारखा पसरवून दाबणारा हात हवा. फोमचं दुकान घरापासून जवळ असतं.

कापड ठोकताना चारी बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारून घ्या, धागा सरळ आहे ना बघा, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे जा. कोपरे सर्वांत शेवटी.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. पदराच्या जोडाचं माहीत नव्हतं, आता उलटं करून पाहिलं तर फासे दिसतायत. उशा नक्की. बैठकीला गडद निळं ड्रिल आणि पुढे इरकलीचा काठ, असं ठरवतेय. आरामखुर्चीचं राहिलं पण.

सुईदोरा:
ती सर्वांत सोपी. कॅनव्हास घ्या, तंबूला वापरतात तसला जाड. जुन्या कापडाची लांबी मापाला घेऊ नका, वर्षानुवर्षं बसून ते ताणलेलं असतं. त्या लांबीचं शिवलंत तर बसणाऱ्याचा पार्श्वभाग खालच्या दांडीला टेकेल. दोन्ही दांड्या घालून एक जुनी चादर बांधा, घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला बसवा, झोळ मनासारखा आला की ते माप घ्या आणि त्यातून थोडं कमी करा. दांडीच्या नेफ्यांना पॉलिएस्टर दोऱ्याने तीन-तीन शिवणी. घरच्या मशीनवर १८ नंबरची सुई लावा आणि जाड घडीवर चाक हाताने फिरवा.

रंधा_करवत:
आणि कॅनव्हास लावण्याआधी दांड्या पॉलिश पेपरने घासा. कापड बहुतेक तिथेच कापलं जातं.